चौथी पिशवी

बाक तो न्हाई, पर तसलाच.
गुडघं मावत न्हाईत, पोट फळीला टेकतंय,
फळीवर कुण्या पोरानं कर्कटकानं आपला हजेरी नंबर कोरलाय.
साठ वर्सांमागं चौथीतनं पळालतो
गुरुजींची छडी चुकवून, म्हशीमागं.
आज परत आलोय
ते बी म्हशीपायीच.

फळ्यावर लिवलंय : मुरघास.
डॉक्टरीण बाई मगदुमांची अनुजा, माझ्या नातीच्या वयाची,
बुटाला शेण लागल्यालं, म्हणून जरा इस्वास.
“दाणा दुधातनं चिकात आला की मका कापायचा.
बोटाच्या पेराएवढी कुट्टी, थरावर थर,
गुळाचं पाणी, मीठ, आणि तुडवायचं.
आत हवा ऱ्हाता कामा नये.”

मागनं कल्लाप्पा वरडला,
“म्हंजे म्हशीला लोणचं घालायचं व्हय?”
सगळा वर्ग हसला.
बाईंनी इचारलं, “लोणचं कोण कोण घालतं घरात?”
खिडकीकडच्या बायकांचे झाडून सगळे हात वर.
आमच्याकडं एक न्हाई.
“झालं तर, निम्मा वर्ग पास हाय.”

मग मुठी भरायला लावल्या.
कुट्टी दाबायची, हात उघडायचा.
पाणी गळालं तर वलं, भुगा झाला तर सुकं,
गोळा हळूहळू उमलला तर बराबर.
माझा उमलला.
कुणाला दावावं ते कळंना,
तसाच हात धरून बसलो.

वैशाखात चार पिशव्या भरल्या.
सून त्रिशला पायानं तुडवायची, मी गूळ वतायचो.
खायच्या गुळाचं असलं काम बघून
जिवाला लागायचं, बोललो न्हाई.
तोंडं तिनंच बांधली.
“मामा, पंचेचाळीस दिस हात लावायचा न्हाई.”

इसाव्या राती मला ऱ्हावलं न्हाई.
बॅटरी घेऊन गोठ्यात गेलो,
चौथीची सुतळी सोडली, नाक घातलं आत.
वास आंबीलीसारखा, जरा गोड.
बरं वाटलं. परत बांधली.
कोंबड्याला बी कळलं न्हाई.

श्रावणात पंचगंगा मळ्यात आली,
मग गोठ्यात, मग गोठ्याच्या पत्र्यापतोर.
आमी जैनापूरच्या माळावर,
ट्रॅक्टरात सात जनावरं, दोन खेपा, चार पिशव्या.
खाली हत्तीगवत गाळात निजल्यालं,
वर ताडपत्रीत चंद्री दावं वढत हंबरायची.
पयली पिशवी फोडली.
तिनं हुंगलं, तोंड फिरवलं, माझ्याकडं बघितलं,
जसं काय मीच नासलोय.
दुसऱ्या सांजंला मात्र टोपलं चाटून पुसलं.
दूध तुटलं, पर आटलं न्हाई.
शेजारचा कल्लाप्पा येऊन म्हणाला,
“लोणचं जरा दे की गा.”

बाराव्या दिशी चौथी फोडली.
आत कापूस पिंजल्यागत पांढरी बुरशी.
त्रिशला सुतळी हातात घेऊन बघत बसली.
“ही गाठ माझी न्हवं,” एवढंच म्हणाली.
मी आभाळाकडं बघितलं,
तिकडं तरी काय हुतं बघायला.

आता सुगी. शाळेत परत वर्ग हाय,
औंदा कासदाह, दगडी कशी वळखायची.
तोच बाक, त्योच नंबर.
सुरवातीला बाईंनी इचारलं,
“मुरघास कुणाचा नासला का? का नासला?”
पंधरा-इस जणं. पंखा फिरतोय.
त्रिशला खिडकीकडं, वहीत मान घालून.

माझे गुडघं बाकात अडकल्यालं,
उठायला येळ लागला.
“चौथी,” म्हणालो,
“चौथी मी सोडली.”
कुणाला वाटलं शाळेचं सांगतोय.
मग बॅटरी, सुतळी, वास, सगळं सांगितलं.
कुणी हसलं न्हाई.
पेनं चालल्याली ऐकू येत हुती.